जीएमआरटीवर वेळ मागण्यापासून नकाशापर्यंत

आमच्या विभागात रेडिओ खगोलशास्त्रात आधी कुणी काम केलेलं नव्हतं. सरांचं सगळं आयुष्य ऑप्टिकल दुर्बिणींच्या प्रतिमांमध्ये गेलेलं आणि मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सगळ्यांना माहीत होती, कारण २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेच्या सहलीतून कधी ना कधी प्रत्येकानं ती पाहिली होती. पण तिच्यावर वेळ मागायचा कसा, मिळाल्यावर करायचं काय, हे विचारायला जवळपास कुणी नव्हतं. म्हणून सगळं लिहून ठेवते आहे. छोट्या विद्यापीठातल्या किंवा कॉलेजातल्या कुणाला हे करायचं असेल तर निदान क्रम तरी कळेल.

सर्वांत आधी पैशाचं सांगते, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. दुर्बिणीच्या वेळेला पैसे पडत नाहीत. प्रस्ताव चांगला असेल तर वेळ मिळतो, मग तो कुठल्याही संस्थेतून आलेला असो. खर्च होतो तो प्रवास, हार्ड डिस्क आणि संगणक यांवर. आमचा सगळ्यात मोठा खर्च चार टेराबाइटच्या दोन डिस्कचा, एकीला तेव्हा आठ-नऊ हजार रुपये. दुसरी डिस्क हवीच. ती नको म्हणणाऱ्या हिशेबनिसाला मी लेखी कारण दिलं तेव्हा कुठे मंजूर झाली.

जीएमआरटी ही एक दुर्बीण नव्हे, तीस दुर्बिणी आहेत. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. चौदा अँटेना साधारण एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या मध्यवर्ती चौकात, उरलेल्या सोळा पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भुजांवर. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचं अंतर. तीस अँटेनांच्या जोड्या केल्या की ४३५ बेसलाइन होतात आणि आकाशाचा नकाशा या जोड्यांच्या मोजमापांतून गणितानं उभा राहतो. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडीचा पत्रा काढून टाकून ताणलेल्या दोरांवर स्टीलच्या तारांची जाळी बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी होतं आणि एवढ्या मोठ्या तबकड्या परवडतात. आता अपग्रेडनंतर चार बँड, म्हणजे वारंवारतेचे चार पट्टे आहेत. आम्हाला हवा होता बँड ३, म्हणजे २५० ते ५०० मेगाहर्ट्झ.

विषय ठरवायला २०२४ चा मे-जून गेला. सरांकडे स्ट्राइप ८२ नावाच्या पट्ट्यातल्या आकाशगंगांची ऑप्टिकल यादी होती. हा पट्टा खगोलीय विषुववृत्तावर आहे, स्लोन या ऑप्टिकल सर्वेक्षणानं तो पुन्हापुन्हा टिपलेला. त्यातल्या सहा चौरस अंशांचा रेडिओ नकाशा करायचा असं ठरलं. विषुववृत्तावरचा तुकडा असल्याचा एक फायदा आणि एक तोटा. फायदा असा की जगातल्या जवळजवळ सगळ्या दुर्बिणींना तो दिसतो. तोटा म्हणजे खोडदहून तो रात्रभर दिसत नाही. जीएमआरटीच्या तबकड्या क्षितिजाच्या वर १७ अंशांपर्यंतच खाली झुकतात, त्यामुळे असा स्रोत दिवसात सुमारे साडेनऊ तासच हाती असतो. प्रस्ताव लिहिण्याआधी हे गणित करून घ्या. मी वहीत केलं आणि मग जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या पुण्यातल्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या साधनानं पडताळलं.

वर्षात दोन सायकल असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. दुसऱ्या सायकलची मुदत जुलैच्या मध्यात असते. आमचा तुकडा ऑक्टोबरात मध्यरात्रीच्या सुमारास डोक्यावर येत असल्यानं आम्हाला तीच सायकल हवी होती. प्रस्ताव नॅप्स नावाच्या पोर्टलवर भरायचा. खातं उघडणं सोपं आहे. पण सहलेखकांचीही खाती लागतात, आणि शेवटच्या दिवशी सहलेखक नेमके लग्नाला गेलेले असतात. ती आठवडाभर आधी उघडून घ्या. फॉर्ममध्ये स्रोतांची यादी, बँड, बँडविड्थ, चॅनेलची संख्या, कुठल्या नाक्षत्र वेळेत निरीक्षण हवं ते, आणि सोबत मोजक्या पानांचं शास्त्रीय समर्थन जोडायचं.

या समर्थनात दोन गोष्टींवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. पहिली, पॉइंटिंग किती, म्हणजे तबकड्या आकाशातल्या किती वेगवेगळ्या बिंदूंवर रोखायच्या. बँड ३ च्या मध्याला, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास, एका तबकडीला एका वेळी सव्वा अंशाच्या आसपास आकाश दिसतं. कडेला संवेदनशीलता घसरते, म्हणून शेजारची पॉइंटिंग एकमेकांवर चढवावी लागतात. मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना केली तर सहा चौरस अंशांना तेरा पॉइंटिंग लागत होती. दुसरी गोष्ट, प्रत्येकाला वेळ किती. एक्स्पोजर टाइम कॅल्क्युलेटर दोन तासांत सुमारे दहा मायक्रोजान्स्कीचा नॉइज मिळेल असं सांगत होता (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक, आणि नॉइज जितका कमी तितके फिकट स्रोत दिसतात). पण हा आकडा आदर्श परिस्थितीतला. त्या कॅल्क्युलेटरमध्ये फज फॅक्टर, म्हणजे प्रत्यक्षातली घट धरणारा गुणक, भरायची एक जागा आहे, आणि तिचं महत्त्व आपला पहिला नकाशा होईपर्यंत कळत नाही. लोकांच्या शोधनिबंधांतले प्रत्यक्ष आकडे पाहून आम्ही २५ मायक्रोजान्स्की लिहिलं. त्याला आधार म्हणून तीन निबंधांतला निरीक्षणाचा वेळ आणि मिळालेला नॉइज एका छोट्या तक्त्यात दिला. परीक्षकांच्या शेऱ्यांत त्या तक्त्याचा चांगला उल्लेख आला, म्हणून मुद्दाम सांगते.

जुलैत प्रस्ताव गेला. मग सप्टेंबरपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं. मी या काळात जीएमआरटीच्या खुल्या संग्रहातून दुसऱ्या कुणाचा जुना डेटा उतरवून सराव केला. अठरा महिन्यांनंतर डेटा सर्वांसाठी खुला होतो, त्यामुळे तुमच्याकडे एक तासही मंजूर नसताना शिकता येतं. खरं तर प्रस्ताव देण्याआधीच हे करावं. डेटा किती मोठा असतो, किती भाग फेकून द्यावा लागतो, हे हातानं केल्यावर जे समजतं ते कुठल्याही व्याख्यानातून समजत नाही.

सप्टेंबरात वेळ वाटप समितीचं, म्हणजे जीटॅकचं उत्तर आलं. पस्तीस तास मागितले होते, चोवीस मिळाले. शेरा असा की आधी नऊ पॉइंटिंग करा, नॉइज कितपत उतरतो ते दाखवा, उरलेल्यांचं पुढे पाहू. मला वाईट वाटलं. सर मात्र खूश होते. पहिल्याच प्रस्तावाला दोन-तृतीयांश वेळ मिळणं म्हणजे चांगलंच, आणि ‘आधी करून दाखवा’ हे कुठलीही समिती म्हणणारच, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटायला दोन दिवस लागले.

चोवीस तास तीन सत्रांत विभागून आले, एक ऑक्टोबरच्या मध्यात, एक डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणि एक जानेवारीच्या शेवटी. इथे सरांचा आणि माझा खराखुरा वाद झाला. सरांचं म्हणणं, प्रत्येक सत्रात तीन पॉइंटिंग घ्यायची आणि ती पूर्ण करून मोकळं व्हायचं. माझं म्हणणं, प्रत्येक सत्रात नऊच्या नऊ घ्यायची, दहा-दहा मिनिटांचे स्कॅन करत फिरत राहायचं. माझी दोन कारणं होती. पृथ्वी फिरते तशा बेसलाइन आकाशाच्या दृष्टीनं फिरतात, त्यामुळे एकाच ठिकाणी सलग दोन तास बघण्यापेक्षा आठ तासांत विखुरलेले छोटे स्कॅन नकाशासाठी चांगले. आणि एखादी रात्र खराब गेली तर सगळ्या पॉइंटिंगचं थोडं थोडं नुकसान होतं, तीन पॉइंटिंग मुळातून जात नाहीत. तोटाही आहे. दर वेळी तबकड्या हलवायच्या, स्थिर व्हायची वाट बघायची. तबकड्या तशा वेगानं फिरतात, पण आपल्या शेजारच्या पॉइंटिंगवर जायलाही काही सेकंद जातातच, आणि आठ तासांत अशी हालचाल बऱ्याचदा होते. एका जाणकार सिनियरनं माझ्या बाजूनं कौल दिला तेव्हा सर मानले.

सत्राच्या आधी कमांड फाइल करून पाठवायची असते. कुठल्या स्रोतावर किती वेळ, कॅलिब्रेटर, म्हणजे मोजमाप जुळवून घ्यायला वापरायचा माहितीतला स्रोत, कधी, सगळं त्यात. आमचा फ्लक्स, म्हणजे तेज, जुळवायचा कॅलिब्रेटर होता ३सी४८. तो आमच्या तुकड्यापासून फार दूर नाही, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तो घेता आला. मध्ये दर अर्ध्या-पाऊण तासानं फेज, म्हणजे लहरींचा टप्पा, जुळवायचा कॅलिब्रेटर. फाइल करायला संकेतस्थळावर साधन आहे, त्यातून निघालेली फाइल एकदा ओळीनं वाचून काढा. स्रोतांचे निर्देशांक कुठल्या इपॉकचे, म्हणजे कुठल्या वर्षाच्या संदर्भाचे आहेत तेही बघा.

हल्ली बरेच जण घरबसल्या, दूरस्थ पद्धतीनं निरीक्षण करतात. तुमचं पहिलं सत्र असेल तर मात्र शक्य झाल्यास खोडदला जा. पुण्याहून एनसीआरएची गाडी जाते, तिच्यात जागा आधी सांगून ठेवावी लागते. आम्हाला ती वेळ जमली नाही, म्हणून एसटीनं नारायणगाव आणि तिथून रिक्षा. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारातून क्रेट भरलेले टेम्पो निघत असतात आणि त्यांच्या मागून जाताना शेतांपलीकडे पहिली तबकडी दिसते. आत शिरताना मोबाईल बंद. हा नियम दाखवण्यापुरता नाही. आपल्या खिशातला फोन दूरच्या आकाशगंगेपेक्षा किती पट प्रखर रेडिओ स्रोत आहे, ते तिथले लोक पहिल्याच पाच मिनिटांत सांगतात. बरोबर कागदावर सगळे फोन नंबर आणि स्रोतांची यादी छापून न्या.

नियंत्रण कक्षात शिरल्यावर माझा धीर सुटला. भिंतभर पडदे, प्रत्येक अँटेनाचा आलेख, आणि सी, डब्ल्यू, ई, एस अशी नावं. सी म्हणजे मध्यवर्ती चौक, बाकीची तीन म्हणजे भुजा. निरीक्षण चालवतात ते ऑपरेटर, आपण नाही. आपण बघायचं, विचारायचं, आणि क्रम बदलायचा असेल तर सांगायचं. सुरुवातीला ते सगळ्या अँटेनांची पॉवर एका पातळीवर आणतात, मग ३सी४८ वर सगळ्या तबकड्या वळवतात. मी लगेच फेजचे आलेख बघून ‘हे असं का’ विचारायला लागले. शेजारी बसलेले ऑपरेटर काका म्हणाले, “मॅडम, आत्ताच फिरून आल्यात. दोन मिनिटं स्थिर होऊ द्या, मग बोलू.” दोन मिनिटांनी रेषा सरळ झाल्या.

त्या रात्री अठ्ठावीस अँटेना होत्या, दोन देखभालीसाठी बाहेर. हे अगदी नेहमीचं आहे आणि प्रस्ताव लिहितानाच गृहीत धरायला हवं. गणित असं की नॉइज बेसलाइनच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जातो. अठ्ठावीस अँटेना म्हणजे ४३५ ऐवजी ३७८ बेसलाइन, नॉइज सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. सव्वीस असतील तर ३२५ बेसलाइन, वाढ जवळजवळ सोळा टक्के, आणि ती भरून काढायला एक-तृतीयांश जास्त वेळ लागतो. शिवाय कुठली अँटेना नाही यालाही महत्त्व आहे. भुजेच्या टोकाची गेली तर नकाशाची तीक्ष्णता कमी होते, चौकातली गेली तर पसरट, फिकट रचना हरवतात. नुसता ‘किती’ हा आकडा वहीत लिहून भागत नाही.

संध्याकाळी सातनंतर आमचा तुकडा १७ अंशांच्या वर आला. पहिला अर्धा तास छान गेला. मग फेजच्या रेषा थरथरू लागल्या, भुजांच्या दूरच्या अँटेनांच्या आधी, नंतर चौकातल्याही. काकांनी एकदा पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आयनोस्फिअर.”

हे समजून घेण्यासारखं आहे. आयनोस्फिअर म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर. खोडदची जागा निवडताना ती भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेशी उत्तरेला असावी हा एक विचार होता, म्हणजे आयनोस्फिअर बऱ्यापैकी शांत मिळेल आणि दक्षिणेचं आकाशही दिसेल. तरी संपातांच्या महिन्यांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्यास्तानंतर काही तास आपल्या अक्षांशांवर आयनोस्फिअरमध्ये फुगे उठतात आणि रेडिओ लहरी त्यांतून येताना लुकलुकतात. सूर्य जितका सक्रिय तितकं हे जास्त. आणि आमचं सत्र नेमकं कधी? १० ऑक्टोबर २०२४ च्या मोठ्या भूचुंबकीय वादळाला आठवडाही झाला नव्हता आणि १५ तारखेला सौरचक्र कमालीच्या टप्प्यात पोहोचल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी जाहीर केलं होतं. यात कुणाचाच इलाज नव्हता. नॉइजच्या गणितात मात्र या सगळ्याला जागा नसते, कॅल्क्युलेटर तारीख विचारतच नाही. बँड २ किंवा ३ मध्ये काम असेल आणि स्रोत चालणार असेल तर समर्थनात ‘शक्यतो ऑक्टोबर टाळावा’ असं स्पष्ट लिहा. वेळापत्रक करणारे ते जमेल तितकं सांभाळतात, पण तुम्ही लिहिलं तरच.

मध्यरात्रीनंतर रेषा शांत झाल्या. पहाटे साडेतीनच्या सुमारास शेवटचा ३सी४८ चा स्कॅन संपला. आठपैकी चार-साडेचार तास बरे होते. नऊही पॉइंटिंगना त्यांतला वाटा मिळालेला होता. सरांनी फोनवर “बरं झालं तुझं ऐकलं” एवढंच म्हटलं.

त्या रात्रीपासून मी एक तक्ता ठेवायला सुरुवात केली, आणि या सगळ्या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. प्रत्येक सत्रासाठी एक ओळ. चालू अँटेना कोणत्या, एखाद्या अँटेनाची एका ध्रुवीकरणातली पातळी कमी दिसली का, फेज किती वेळ अस्थिर, वारा किती, आरएफआय, म्हणजे माणसांच्या उपकरणांचा रेडिओ गोंधळ, गाळणारा फिल्टर चालू होता की बंद, आणि नंतर विश्लेषण झाल्यावर किती टक्के डेटा फेकला व प्रत्यक्ष नॉइज किती मिळाला. घड्याळाप्रमाणे आमचं सर्वेक्षण एक-तृतीयांश पूर्ण झालं होतं. तक्त्याप्रमाणे जेमतेम एक-पंचमांश. समितीला किंवा गाईडला प्रगती सांगताना हा दुसरा आकडा सांगायचा असतो, पण तो सांगण्यासाठी रात्रीच लिहून ठेवलेला लागतो. दोन महिन्यांनी कुठली अँटेना कधी कमजोर होती हे डेटातून शोधणं म्हणजे वेळेचा नुसता अपव्यय. ऑपरेटरांची नोंद मिळते, तीही जपून ठेवा, पण तिच्यात तुमच्या विज्ञानाला काय महत्त्वाचं ते तुम्हीच भरायचं.

डिसेंबरचं सत्र मी विभागातूनच, दूरस्थ पद्धतीनं केलं. तोपर्यंत तुकडा दुपारी तीनलाच वर येत होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळत होता. हिवाळ्यातलं आयनोस्फिअर शांत होतं. सगळं इतकं सुरळीत झालं की लिहिण्यासारखं काही नाही. जानेवारीतही तसंच, फक्त बहुतेक निरीक्षण दिवसा असल्यानं सूर्य आपल्या तुकड्यापासून किती दूर आहे ते आधी बघून घेतलं होतं.

मग डेटा. २०४८ चॅनेल, ४३५ बेसलाइन, दोन ध्रुवीकरणं, काही सेकंदांना एक नोंद. तासाला आठ-दहा जीबी होतो. आमच्या इंटरनेट जोडणीवर एक सत्र उतरवायला रात्रभर पुरत नव्हतं, म्हणून शेवटी डिस्क घेऊन पुण्याला गेले. मूळ डेटा एलटीए नावाच्या स्वरूपात असतो, तो ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ या दोन प्रोग्रॅमनी फिट्स या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या स्वरूपात आणायचा. दुसरी डिस्क का हवी ते इथे कळतं. मूळ फाइलला हात न लावता एक प्रत कपाटात.

विश्लेषणासाठी मी कासा हे रेडिओ डेटाचं सॉफ्टवेअर वापरलं आणि जीएमआरटीसाठी लिहिलेली ‘कॅप्चर’ नावाची पाइपलाइन. ती फुकट आहे, चांगली आहे. पण पहिल्यांदा पायऱ्या हातानं करा, नाहीतर काय चाललंय ते कळत नाही. आधी फ्लॅगिंग, म्हणजे दूषित डेटा बाजूला काढणं. बँड ३ मध्ये ३६० ते ३८० मेगाहर्ट्झचा पट्टा उपग्रहांमुळे जातो, तो डोळे झाकून सोडून द्यावा लागला. बँडच्या कडा आपोआप निकामी असतात. वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचा आडवा पसरलेला गोंधळ असतो, त्यासाठी दुर्बिणीवरच रिअल-टाइम फिल्टर आहे आणि आमच्या सत्रांत तो चालू होता, तरी थोडं उरतंच. शेवटी आम्ही नोंदवलेल्या २०० मेगाहर्ट्झपैकी १२० च्या आसपास कामाचे राहिले. पहिल्यांदा हे बघून कुणाचंही तोंड उतरतं. पण संग्रहातल्या डेटावर सराव केलेला असल्यानं मला धक्का बसला नाही.

त्यानंतर कॅलिब्रेशन, मग प्रतिमा, मग सेल्फ-कॅलिब्रेशनच्या, म्हणजे तयार झालेल्या प्रतिमेवरूनच कॅलिब्रेशन सुधारण्याच्या फेऱ्या. आधी फक्त फेजच्या, शेवटी एक आयाम आणि फेज दोन्हींची. एका पॉइंटिंगला आमच्या १२८ जीबी मेमरीच्या संगणकावर दोन-तीन दिवस लागत. पहिली प्रतिमा पडद्यावर आली तेव्हा मी अर्धा तास नुसती झूम करत बसले. कोपऱ्यात दोन कान असलेली एक रेडिओ आकाशगंगा होती. सरांच्या ऑप्टिकल यादीत ती एका फिकट लाल ठिपक्यापुरती होती.

फ्लक्स बरोबर आहे का, हे तपासायला जुनी सर्वेक्षणं फार उपयोगी पडतात. जीएमआरटीवरच १५० मेगाहर्ट्झला झालेलं टीजीएसएस सर्वेक्षण. २०१० ते २०१२ या काळात निरीक्षणं झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत सुमारे सव्वासहा लाख स्रोत आहेत, जवळजवळ ९० टक्के आकाश. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीचं १.४ गिगाहर्ट्झचं एनव्हीएसएस. दोन्हींत असलेल्या एकेकट्या, साध्या स्रोतांमधून सरळ रेषा काढली की ४०० मेगाहर्ट्झला काय मिळायला हवं ते कळतं. आमचे आकडे सरासरीनं चार-पाच टक्के कमी आले, ते स्वीकारण्यासारखं होतं. एक सावधगिरी, टीजीएसएसच्या फ्लक्समध्ये काही भागांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक असल्याचं नंतर दाखवलं गेलं आहे आणि त्यासाठी सुधारित यादीही आली आहे. ती वापरा.

नॉइजचं काय झालं? नऊपैकी सात पॉइंटिंगमध्ये २८ ते ३० मायक्रोजान्स्की. २५ म्हटलं होतं, तर हे ऑक्टोबरच्या गमावलेल्या तासांशी आणि कमी अँटेनांशी बऱ्यापैकी जुळलं. उरलेली दोन पंचेचाळीसच्या वरच अडली. दोघांच्याही कडेला एक प्रखर स्रोत होता, त्याच्याभोवती किरणांसारखे पट्टे. इथे तक्त्यानं पुन्हा वाचवलं. या दोन पॉइंटिंगच्या रात्री, अँटेना, फेकलेला डेटा, सगळं बाकीच्यांसारखंच होतं, मग दोष वेळेचा नाही. आणखी चार तास दिले असते तरी नॉइज हलला नसता, कारण अडचण आयनोस्फिअर वेगवेगळ्या दिशांना वेगळं असण्याची होती. त्यासाठी दिशानिहाय कॅलिब्रेशन करणारं ‘स्पॅम’ नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. ते अरुंद बँडसाठी लिहिलेलं असल्यानं डेटा तीसेक मेगाहर्ट्झच्या तुकड्यांत कापून प्रत्येक तुकडा वेगळा चालवावा लागतो. ते शिकायला एप्रिल-मे पूर्ण गेले, आणि स्पॅम बसवण्यात गेलेले दिवस मला परत कुणी देणार नाही. पण नॉइज पस्तीसच्या खाली आला.

उरलेल्या चार पॉइंटिंगसाठी २०२५ च्या जुलैत पुन्हा प्रस्ताव दिला. या वेळी समर्थनात अंदाज कमी आणि आमचा तक्ता जास्त होता. सत्रनिहाय चालू अँटेना, फेकलेला डेटा, अपेक्षित आणि मिळालेला नॉइज, आणि त्या दोन हट्टी पॉइंटिंगचं वेगळं स्पष्टीकरण. त्यांच्यासाठी जादा वेळ मागितला नाही, आणि का मागितला नाही ते लिहिलं. नोव्हेंबरनंतरची तारीख मिळावी अशी विनंतीही केली. सप्टेंबरात मागितलेला सगळा वेळ मंजूर होऊन आला, निरीक्षण डिसेंबरात.

निबंध लिहायला घेतला आहे. त्यात जीएमआरटीच्या आभाराचा मजकूर त्यांनी ठरवून दिलेल्या शब्दांतच घालायचा असतो, तो संकेतस्थळावर मिळतो. पहिल्या सत्राचा डेटा अठरा महिन्यांच्या नियमाप्रमाणे २०२६ च्या एप्रिलपासून सगळ्यांसाठी खुला. सराव करायचा असेल तर स्ट्राइप ८२, बँड ३, ऑक्टोबर २०२४ असं शोधा. पहिले चार तास आधीच वगळून टाका.